टेनिसच्या शिडीची मधली पायरी

मुंबईहून चेन्नईकडे जाणारा जुना लोहमार्ग पुणें, दौंड, कुर्डुवाडी, सोलापूर अशीं स्थानकें घेत अक्कलकोट रोडवर येतो, आणि तेथून दुधनी व गाणगापूर रोडवरून कलबुर्गीस जातो. या वाटेनें दरवर्षीं सहस्रावधि यात्रेकरू श्रीस्वामी समर्थांच्या दर्शनास येतात. अक्कलकोटचें नांव टेनिसच्या खेळाशीं जोडावें असें त्यांच्यापैकीं कोणाच्याहि मनांत येणार नाहीं. तथापि अक्कलकोट रोडच्या फलाटावर उभें राहून दोन्ही दिशांना दृष्टि टाकली, तर एक मौजेची गोष्ट लक्षांत येते. पूर्वेस कलबुर्गी, तेथें २०२३ सालच्या अखेरीस पुरुषांची २५ हजार डॉलरची आंतरराष्ट्रीय टेनिसस्पर्धा झाली. पश्चिमेस सोलापूर, तेथें त्याच वर्षाच्या डिसेंबरांत महिलांची तशीच स्पर्धा झाली. आणखी पुढें पुणें. तेथें ‘चॅलेंजर’ या नांवानें ओळखली जाणारी मधल्या दर्जाची स्पर्धा भरत आली. मार्गाचीं दोन टोकें म्हणजे मुंबई व चेन्नई. या दोन्ही शहरांनीं, आणि पांच वेळां पुण्यानेंहि, त्याहून वरच्या दर्जाच्या स्पर्धा पाहिल्या. म्हणजे धंदेवाईक टेनिसची जवळजवळ सगळी शिडी या एका लोहमार्गाच्या कडेनें उभी राहून गेली आहे. तिच्यांतील मधल्या पायरीकडे लोकांचें लक्ष सर्वांत कमी जातें. परंतु सगळ्या शिडीचा भार तिच्यावरच आहे.

ही गोष्ट महाराष्ट्रांतील श्रोत्यांस समजण्यास कुस्तीच्या फडाइतकें सोपें उदाहरण नाहीं. गांवच्या जत्रेंत प्रथम लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात. मग नारळाच्या, मग रुपयांच्या, आणि दिवस मावळावयास आला म्हणजे शेवटची मोठी जोड सुटते. रेवडीसाठीं लढणारा पोरगा एकदम त्या शेवटच्या जोडीस जाऊन भिडत नाहीं. मधल्या कुस्त्यांत त्याचा दम, त्याचे डाव आणि त्याचा धीर यांची परीक्षा होते. ज्या फडांत मधल्या कुस्त्याच लागत नाहींत, तेथें शेवटच्या जोडीसाठीं दोन्ही पैलवान बाहेरगांवाहून आणावे लागतात, आणि गांवकऱ्यांच्या वांट्यास केवळ टाळ्या वाजविणें येतें. टेनिसमधील चॅलेंजर स्पर्धा म्हणजे या मधल्या कुस्त्या होत.

त्यांचा जन्म कसा झाला हें पाहावयाचें, तर थोडें मागें गेलें पाहिजे. १९६८ सालापूर्वीं विंबल्डनसारख्या मोठ्या स्पर्धा हौशी खेळाडूंपुरत्याच असत. खेळाचें मोल उघडपणें घेणाऱ्यास तेथें प्रवेश नसे. १९३९ सालीं विंबल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोंचलेला गौस महंमद हा आपल्याकडील खेळाडू त्याच हौशी युगांतील. १९६८ च्या एप्रिल महिन्यांत इंग्लंडांतील बोर्नमथ येथें हौशी व धंदेवाईक प्रथमच एका स्पर्धेंत खेळले आणि ही भिंत पडली. परंतु भिंत पडतांच दुसरा प्रश्न उभा राहिला. दार सर्वांस उघडें झालें, तरी आंत जागा मोजक्याच. तेव्हां कोणास घ्यावयाचें आणि कोणास वगळावयाचें? हा निर्णय पुष्कळ अंशीं स्पर्धा भरविणाऱ्यांच्या मर्जीवर असे. ज्याच्या नांवावर तिकिटें खपत, त्यास आमंत्रण जाई. अनोळखी तरुणानें दारांत तिष्ठत उभें राहावें.

१९७२ मध्यें पुरुष खेळाडूंनीं आपली संघटना स्थापन केली. ए.टी.पी. या आद्याक्षरांनीं ती आज सर्वांस परिचित आहे. या संघटनेनें २३ ऑगस्ट १९७३ रोजीं संगणकाच्या साहाय्यानें केलेली पहिली क्रमवारी प्रसिद्ध केली. तींत रुमानियाचा इली नास्तासे पहिला होता. संगणकास कोणाची भीड नसते आणि कोणाचें नांवहि त्यास ठाऊक नसतें. जितके गुण, तितका मान. त्यामुळें मर्जीचा कारभार संपला हें खरें. पण एक नवीन पेंच पडला. क्रमांक मिळण्यास स्पर्धा खेळावयास हवी, आणि स्पर्धेंत प्रवेश मिळण्यास क्रमांक हवा. पोहतां आल्यावांचून पाण्यांत उतरूं नये, अशांतलाच हा प्रकार.

या पेंचांतून वाट काढण्यासाठीं १९७८ सालीं चॅलेंजर स्पर्धा सुरू झाल्या. पहिल्या वर्षीं त्या अवघ्या १८ होत्या. जानेवारींत न्यूझीलंडमधील ऑकलंड व ऑस्ट्रेलियांतील होबार्ट येथें आरंभ झाला, आणि उन्हाळ्यांत अमेरिकेंतील लहान लहान शहरांनीं हा पाहुणचार पुढें चालविला. मोठीं नांवें जेथें जात नाहींत अशा गांवांनीं मोठें होऊं पाहणाऱ्यांस जागा द्यावी, ही कल्पना मुळापासूनच त्यांत होती. चॅलेंजर म्हणजे आव्हान देणारा. नांव अगदीं यथार्थ आहे. तीस वर्षांनीं, २००८ सालीं, या स्पर्धांची संख्या १७८ वर गेली.

त्यांच्या खालीं ‘सॅटेलाइट’ नांवाच्या स्पर्धा असत. त्यांची रीत मोठी कठोर होती. एकाच देशांत ओळीनें कांहीं आठवडे खेळावयाचें आणि गुण मात्र शेवटीं, एकत्रच, पदरांत पडावयाचे. मध्येंच पाय मुरगळला अथवा ताप आला, कीं सगळें मुसळ केरांत. १९९८ पासून ‘फ्यूचर्स’ या एकेका आठवड्याच्या स्पर्धा आल्या आणि हळूहळू जुनी रीत मागें पडली. १९९० पासून वरच्या दर्जाच्या स्पर्धांचा सारा कारभार ए.टी.पी.नें स्वतःच्या हातीं घेतला होताच. २०१९ मध्यें चॅलेंजर भरविणाऱ्यांनीं मुख्य फेरींतील एकेरीच्या खेळाडूंच्या निवासाची सोय केली पाहिजे असा दंडक झाला. आणि २०२३ पासून या स्पर्धांच्या ५०, ७५, १००, १२५ व १७५ अशा पांच प्रती ठरल्या. विजेत्यास जितके गुण, तोच त्या प्रतीचा आंकडा.

येथें थोडें गणित केल्यावांचून मधल्या पायरीचें खरें महत्त्व कळणार नाहीं. तळच्या स्पर्धा जिंकणाऱ्यास १५ किंवा २५ गुण मिळतात. चॅलेंजरमध्यें ते ५० पासून १७५ पर्यंत जातात. त्यावर २५०, ५०० व १००० गुणांच्या स्पर्धा, आणि माथ्यावर ग्रँड स्लॅम म्हणून गणल्या जाणाऱ्या चार महास्पर्धा. तेथील विजेत्यास २००० गुण. मिळविलेले गुण ५२ आठवडेच टिकतात, आणि एका खेळाडूच्या जमेस वीसाहून कमी स्पर्धांचेच गुण धरले जातात. आतां जगांतील पहिल्या शंभरांत येण्यास ६०० च्या आसपास गुण लागतात. एखाद्या तरुणानें वर्षभर केवळ २५ गुणांच्या स्पर्धा खेळून त्यांतील एकहि सामना गमावला नाहीं, आणि अशा वीस स्पर्धा जिंकल्या असें क्षणभर समजूं. तरी त्याची बेरीज ५०० च भरते. म्हणजे तळच्या पायरीवर कोणी कितीहि पराक्रम केला, तरी तेथून हात वर पोहोंचूंच शकत नाहीं. मधली पायरी चढल्यावांचून गत्यंतर नाहीं.

पहिल्या शंभरांचेंच एवढें अगत्य कां, तेंहि सांगितलें पाहिजे. महास्पर्धेच्या एकेरींत १२८ जागा असतात. त्यांपैकीं १०४ क्रमवारीवरून थेट भरतात, १६ पात्रता फेऱ्यांतून वर येणाऱ्यांस मिळतात, आणि ८ निमंत्रितांस. २०२४ च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेंत पहिल्याच सामन्यांत हरणाऱ्यासहि १ लक्ष २० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. वर्षांतून चार वेळां असें दार उघडलें, कीं खेळाडूचा संसार चालतो. शंभराच्या अलीकडे असलेला खेळाडू खेळावर जगतो; पलीकडे असलेला खेळास जगवितो.

हें ‘जगविणें’ काय असतें, याचें एक उदाहरण सर्वांसमोर आहे. सुमित नागल हा भारताचा एकेरींतील त्या वेळचा अग्रणी. २०२३ मध्यें त्यानें रोम आणि फिनलंडांतील टॅम्पेरे येथील चॅलेंजर स्पर्धा जिंकल्या. असें असूनहि त्या वर्षीं सप्टेंबरांत त्यानें वृत्तपत्रांस सांगितलें, कीं आपल्या बँकेच्या खात्यांत आतां सुमारें ९०० यूरोच उरले आहेत. बक्षिसाची रक्कम, नोकरीचा पगार आणि महा टेनिस फाउंडेशनचें साहाय्य, हें सर्व प्रवासखर्च, निवास व शिक्षकाचें वेतन यांत जात होतें. आंकडा ऐकून पुष्कळांस धक्का बसला. परंतु धक्का बसण्याचें कारण इतकेंच, कीं मधल्या पायरीचा हिशेब लोकांनीं कधीं पाहिला नव्हता. विमानाचें भाडें, रॅकेटची तांत, मालीश करणाऱ्याचें देणें, परगांवचें जेवण, सगळें ज्याचें त्यानें पाहावयाचें. आणि पहिल्या फेरींत हरल्यास गुण शून्य.

पुढें चारच महिन्यांनीं, २०२४ च्या जानेवारींत, १३७ व्या क्रमांकावर असलेला हाच नागल मेलबर्नच्या पात्रता फेऱ्यांतून वर आला आणि मुख्य फेरींत ३१ वें मानांकन असलेल्या अलेक्झांडर बुब्लिकला त्यानें सरळ सेट्समध्यें हरविलें. १९८९ सालीं रमेश कृष्णननें मॅट्स विलँडरला हरविल्यानंतर महास्पर्धेच्या एकेरींत मानांकित खेळाडूस हरविणारा तो पहिला भारतीय ठरला. फेब्रुवारींत चेन्नईची चॅलेंजर स्पर्धा जिंकून तो ९८ व्या क्रमांकावर आला. शंभराचा उंबरठा त्यानें ओलांडला, तो आपल्याच देशांतील एका मधल्या दर्जाच्या स्पर्धेंत. घरचें मैदान, घरचें अन्न आणि परतीचें विमानभाडें नाहीं, या गोष्टींची किंमत गुणांच्या कोष्टकांत दिसत नाहीं. पण ती असते.

आतां आपल्या पुण्याकडे वळूं. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठीं म्हाळुंगे-बालेवाडी येथें श्रीशिवछत्रपति क्रीडासंकुल उभारलें गेलें. तेथील टेनिसच्या मैदानावर महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटनेनें चॅलेंजर स्पर्धा भरविल्या. २०१५ च्या ऑक्टोबरांत युकी भांबरी यानें येथें रशियाच्या येवगेनी डॉन्स्कॉयला अंतिम सामन्यांत हरविलें, आणि त्याच सुमारास तो प्रथमच जगांतील पहिल्या शंभरांत गेला. त्यामुळें पुढच्या जानेवारींत ऑस्ट्रेलियन स्पर्धेच्या मुख्य फेरींत त्यास थेट प्रवेश मिळाला. पुढें कोपराच्या दुखण्यानें तो कित्येक महिने खेळूं शकला नाहीं आणि क्रमवारींत खालीं घसरला. २०१७ च्या नोव्हेंबरांत तो पुन्हां पुण्यास आला, अंतिम सामन्यांत रामकुमार रामनाथनला हरवून पुन्हां विजयी झाला, आणि पुढच्या एप्रिलपर्यंत ८३ व्या क्रमांकास पोहोंचला. त्याच्या आयुष्यांतील एकेरीचा हाच सर्वोच्च क्रमांक. एकाच खेळाडूस एकाच मैदानानें दोनदां हात दिला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

२०१८ सालीं पुण्याच्या भाग्यास आणखी वरची पायरी आली. चेन्नईंत १९९७ पासून २०१७ पर्यंत भरलेली २५० गुणांची स्पर्धा महाराष्ट्रानें बालेवाडीस आणली. पांच वेळां ती येथें झाली. २०२१ मध्यें सांथीमुळें खंड पडला, आणि २०२३ च्या जानेवारींत ती शेवटची झाली. नंतर ती हाँगकाँगला गेली. त्या वेळीं पुष्कळ क्रीडाप्रेमी हळहळले, आणि हळहळणें स्वाभाविकहि होतें. जील सिमाँ, केविन अँडरसन यांच्यासारखे खेळाडू पुण्यांत खेळतांना पाहावयास मिळाले, हा आनंद कांहीं लहान नव्हे. परंतु हिशेब मांडावयाचा तर तो नीट मांडावा. पांचहि वेळां एकेरीचें विजेतेपद परदेशी खेळाडूंकडे गेलें. दुहेरींत मात्र रोहन बोपण्णानें २०१९ मध्यें दिविज शरणच्या साथीनें आणि २०२२ मध्यें रामकुमारच्या साथीनें यश मिळविलें. २०२३ मध्यें पुण्याच्या मानस धामणेला अवघ्या पंधराव्या वर्षीं मुख्य फेरींत खेळण्याचें निमंत्रण मिळालें. अमेरिकेच्या मायकेल म्मोकडून तो हरला, पण जगाचा चेंडू किती वेगानें येतो हें त्यानें घरच्या मैदानावर अनुभवलें. एवढी जमेची बाजू सांगूनहि म्हणावें लागतें, कीं तो सोहळा होता. आणि चॅलेंजर ही शाळा आहे.

सोहळा गेला, पण शाळा पुण्यांत राहिली. २०२४ च्या फेब्रुवारींत बालेवाडीस १०० गुणांची चॅलेंजर झाली. ती मोनाकोच्या व्हॅलेंटिन वाशरो यानें जिंकली. अंतिम सामन्यांत त्यानें ऑस्ट्रेलियाच्या ॲडम वॉल्टनला तीन सेट्समध्यें हरविलें. हें नांव त्या दिवशीं पुण्यांत तरी किती जणांनीं लक्षांत ठेवलें असेल? दीड वर्षाहून अधिक काळानें, २०२५ च्या ऑक्टोबरांत, २०४ व्या क्रमांकावर असलेला हा खेळाडू शांघायच्या १००० गुणांच्या स्पर्धेंत पात्रता फेरींतून शिरला, उपांत्य सामन्यांत त्यानें नोव्हाक जोकोविचला हरविलें, आणि अंतिम सामन्यांत स्वतःच्याच नात्यांतील भाऊ असलेल्या आर्तूर रिंडरक्नेशवर मात करून विजेतेपद पटकाविलें. या दर्जाची स्पर्धा इतक्या खालच्या क्रमांकाच्या खेळाडूनें पूर्वीं कधींच जिंकली नव्हती. मधल्या पायरीवर आज कोण उभा आहे हें पाहून उद्यां तो कोठें असेल हें सांगतां येत नाहीं. त्या पायरीची गोडी आहे ती यांतच.

दुहेरीचीहि वाट याच पायरीवरून जाते. पुण्याचा अर्जुन कढे वर्षानुवर्षें चॅलेंजर स्पर्धांतून दुहेरी खेळत राहिला, आणि २०२४ च्या ऑक्टोबरांत ऋत्विक बोल्लिपल्लीच्या जोडीनें त्यानें कझाकस्तानांतील अल्माटी येथें २५० गुणांची स्पर्धा जिंकली. अशा यशाची बातमी वृत्तपत्राच्या कोपऱ्यांत येते. तिच्यामागचीं वर्षें मात्र कोठेंच छापून येत नाहींत.

शिडी चढण्यासाठीं असते तशी उतरण्यासाठींहि असते, हें विसरून चालणार नाहीं. आंद्रे आगासी हा विंबल्डनचा विजेता १९९७ सालीं १४१ व्या क्रमांकावर घसरला. तेव्हां त्यानें मानापमान बाजूस ठेवून चॅलेंजर स्पर्धांत नांव घातलें, आणि १९९९ मध्यें तो पुन्हां जगांत पहिला झाला. आपल्याकडील रामकुमार रामनाथन चॅलेंजरच्या एकेरीचे सहा अंतिम सामने हरला, आणि सातव्या वेळीं, २०२१ च्या नोव्हेंबरांत, बहरीनमधील मनामा येथें त्यास पहिलें विजेतेपद मिळालें. एके काळीं १११ वा असलेला हाच खेळाडू २०२३ च्या डिसेंबरांत तळच्या पायरीवर, अक्कलकोटच्या शेजारच्या कलबुर्गींत, खेळत होता. आणि ऑस्ट्रियाच्या डेव्हिड पिचलरला हरवून त्यानें ती स्पर्धा जिंकलीहि. पडल्यावर पुन्हां पाय ठेवण्यास पायरी असणें, हेंहि खेळाडूच्या दृष्टीनें थोडें नव्हे.

मधल्या पायऱ्या मुबलक असल्या म्हणजे काय होतें, तें इटलीनें दाखवून दिलें आहे. जगांत सर्वांत अधिक चॅलेंजर स्पर्धा भरविणाऱ्या देशांत इटलीची गणना होते. २०१९ च्या फेब्रुवारींत बेर्गामो येथील अशाच एका स्पर्धेंत ५४६ व्या क्रमांकाच्या सतरा वर्षांच्या मुलास निमंत्रण देऊन खेळविण्यांत आलें, आणि त्यानें ती जिंकली. तो यानिक सिन्नर. २०२४ च्या जूनमध्यें तो जगांत पहिला झाला. डेव्हिस चषक इटलीनें २०२३, २०२४ व २०२५ अशीं तीन वर्षें ओळीनें जिंकला. सिन्नरसारखा खेळाडू स्पर्धा भरवून निर्माण होतो असें कोणी म्हणणार नाहीं. पण तो असतां त्यास वेळेवर दार उघडें मिळणें, हें मात्र माणसांच्या हातचें आहे.

आपल्याकडे ही दारें थोडीं आहेत. चॅलेंजर स्पर्धा भारतांत बहुधा फेब्रुवारीच्या सुमारास कांहीं आठवडे भरतात, आणि मग वर्षाचा उरलेला काळ खेळाडूस परदेशांत काढावा लागतो. ज्याच्यापाशीं पैसा तो टिकतो. ज्याच्यापाशीं नाहीं तो पंचविशींतच रॅकेट खुंटीला टांगतो. मग आपण म्हणतों, कीं आपल्या मुलांत दम नाहीं. दमाची परीक्षा व्हावयाची जागा आपण किती ठेवली होती, हा प्रश्न मात्र आपण स्वतःस विचारीत नाहीं. मोठ्या नांवांच्या एका सोहळ्यावर होणाऱ्या खर्चांत मधल्या दर्जाच्या अनेक स्पर्धा बसूं शकतात, हा विचार धनिकांनीं, कारखानदारांनीं आणि नगरपालिकांनींहि करण्यासारखा आहे. कलबुर्गी आणि सोलापूर यांनीं तळच्या पायरीचा भार उचलून दाखविला आहे. या लोहमार्गावरील आणखी एखादें शहर उद्यां मधल्या पायरीस खांदा देईल, तर तें आश्चर्य मानण्याचें कारण नाहीं.

आणि सुशिक्षित कुटुंबांनाहि यांत एक लहानसें काम आहे. पुढें कधीं अशी स्पर्धा जवळ भरली, तर अंतिम सामन्याच्या रविवारीं नव्हे, तर आरंभींच्या दिवशीं, पात्रता फेरी चालूं असतांना, मुलांना घेऊन जावें. प्रेक्षकांच्या रांगा रिकाम्या असतील. मैदानावर कोणी अनोळखी तरुण भर उन्हांत, स्वतःच्या खर्चानें, गुणाच्या एका आंकड्यासाठीं जिवाचें रान करीत असेल. तो हरेल तरी त्याच्या खेळास टाळी द्यावी. मुलांनीं मोठ्यांचा विजय दूरचित्रवाणीवर पुष्कळ पाहिलेला असतो. विजय मिळण्यापूर्वींचें आयुष्य कसें असतें, हें त्यांना येथें पाहावयास मिळेल.